भट्टीवरच्या काकांना विचारा : काळी बिअर आणि तिच्यातली राय

प्रश्न : काका, नमस्कार. पुतण्या जर्मनीत नोकरीला असतो. दिवाळीला आला तेव्हा राय नावाचं धान्य घातलेल्या काळ्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला. एक आम्ही घरीच उघडली. फ्रिजमधून काढली, ग्लासात ओतली, सोबत लसणाचं भडंग. मला करपट कॉफीशिवाय काहीच लागलं नाही. तळाला गाळही होता. पुतण्या विचारतो, "काका, रायची मिरी लागली का जिभेला?" कसली मिरी न् कसलं काय. बाटली खराब होती की माझी जीभ? दुसरी बाटली अजून तशीच आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही धडधाकट आहेत. बाटली बिघडलेली असती तर आंबूस व्हिनेगरी वास आला असता, नाहीतर भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट. तुमच्या पत्रात तसलं काही नाही. तळाचा गाळ म्हणजे यीस्ट. लहान ब्रुअरीवाले, म्हणजे बिअर करणारे कारखाने, बऱ्याचदा बिअर गाळतच नाहीत. आमचं अख्खं घर सांगलीत बेकरीतल्या यीस्टवर जगलं, त्यामुळे मला त्या गाळाबद्दल आपुलकीच वाटते. तुम्हाला नको असेल तर बाटली हलवू नका आणि शेवटचा बोटभर भाग आत राहू द्या.

घोळ असा झालाय की तुम्ही राय काळ्या रंगात शोधताय. रंग तिचा नव्हे. बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे, की माल्ट झालं. नाचणीसत्त्वासाठी आपल्या घरात करतात तेवढंच. त्यातलं थोडं माल्ट पुढे फिरत्या पिंपात काळंभोर होईस्तोवर भाजतात. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरनं या भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असं काळं माल्ट एकूण धान्यात दहा टक्क्यांच्या आत असलं तरी सगळी बिअर काळी होते. कॉफी, कडू चॉकलेट, करपट कड हे सगळं तिथनं येतं. कुणी कुणी रायचंच माल्ट भाजून घालतात, पण तेव्हाही आधी पुढे येते ती भाजल्याची चव.

राय गव्हाच्या नात्यातली, थंड मुलखातली. जर्मनी, पोलंड, रशिया ही तिची घरं. एका जुन्या गिऱ्हाइकासाठी मी पुण्याहून पीठ मागवून रायचा पाव काढत असे. ते पीठ मळताना हाताला असं चिकटतं की कामगार वैतागायचे. गव्हाच्या पिठासारखं ते ताणलं जात नाही. त्यात पेंटोसॅन नावाची पाणी धरून ठेवणारी चिकट द्रव्यं भरपूर असतात. ब्रुअरीवाल्यांना छळतात तीही हीच. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं आणि त्या टरफलांच्या थरातूनच माल्ट गरम पाण्यात भिजवून सुटलेला गोड रस गाळून खाली उतरतो. राय बिनटरफलाची, वर हा चिकटपणा. रस उतरायचं नाव घेत नाही. म्हणून बहुतेक जण एकूण धान्याच्या पाचव्या हिश्श्यापुढे सहसा जात नाहीत. बव्हेरियाची रॉगनबिअर मात्र निम्म्याच्या आसपास रायची असते, लोकांनी हे दुखणं आपण होऊन घेतलेलं. त्याच बव्हेरियात १५१६ च्या फर्मानानं बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवलं. गहू आणि राय पावासाठी राहावी हा त्यामागचा एक हेतू मानतात. मला बेकरीवाल्याला ते पटतं. रायची बिअर मग फार मागे पडली आणि १९८८ साली रेगेन्सबुर्गच्या एका ब्रुअरीनं ती पुन्हा बाजारात आणली.

आता दुसऱ्या बाटलीचं. फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात, हिला दहा-बारा लागतात. फार गार बिअरचा वास उठत नाही, जीभही बधिर होते आणि हाती फक्त कडूपणा लागतो. आत्ताच्या थंडीत अर्धा तास बाहेर ठेवा. उन्हाळ्यापर्यंत राहिलीच, तर दहा मिनिटं पुरे. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश नको. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लास परत धुवा. भडंग खाऊन तेलकट ओठ लावले की फेसही बसतो, आणि राय घातलेल्या बिअरचा फेस बघण्यासारखा असतो हो, जाड आणि टिकाऊ.

पहिल्या घोटाकडून काही अपेक्षा ठेवू नका, तो भाजक्या माल्टचाच. दुसरा घोट तोंडात जरा फिरवा. ही बिअर जिभेवरून सरकन जात नाही, पातळ पेजेसारखी रेंगाळते. राय इथं पहिल्यांदा भेटते. मग गिळा, नाकानं श्वास सोडा आणि गप्प बसा. कॉफी ओसरली की जिभेच्या मागच्या बाजूला एक कोरडा, किंचित चरचरीत चटका उरतो. पुतण्याची मिरी ती हीच. ती तिखट नसते, आणि तिखटाची वाट बघणाऱ्याला ती सापडतही नाही. लवंगेचा किंवा पिकल्या केळ्याचा वास आला तर तो रायचा धरू नका, ते गव्हाच्या बिअरला वापरतात त्या यीस्टचं काम. आणि कुणी म्हणालं, "मला शहाजिऱ्याची चव लागते", तर त्यानं कधीतरी रायचा पाव खाल्लाय एवढंच समजा. शहाजिरं तिकडं पावात घालतात, दाण्याला तो वास नसतो.

भडंग त्या दिवशी बाजूला ठेवा. सांगलीकरानं हे लिहायचं म्हणजे जिवावर येतं, पण लाल मिरची आणि लसूण या दोघांपुढे तो चटका काय टिकणार? शिवाय बिअरच्या बुडबुड्यांनी मिरची आणखी झोंबते. त्यापेक्षा साताऱ्याचा कंदी पेढा घ्या. पुतण्या हसेल, हसू द्या. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्याची खरपूस गोडी काळ्या माल्टला धरून जाते आणि कडूपणा मागे सरतो. सुपारीएवढा तुकडा, मग घोट. गोड नको असेल तर खारे शेंगदाणे. सुकं मटणही चालेल, खोबरं खमंग भाजलेलं आणि चटणी बेतानं घातलेलं.

प्रश्न : आमच्याकडे राय नाही पण शाळू भरपूर. शाळवाची अशी काळी बिअर होईल का? घरी करून बघू का?
– एक शेतकरी, कवठेमहांकाळ

उत्तर : घरी नको. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं. बिअर मात्र होते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या करतात. नायजेरियानं १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरी ज्वारीवर चालल्या. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला शिजतो, त्यामुळे ती वेगळी शिजवून घ्यावी लागते, एवढाच काय तो व्याप. भाजून काळी केली तर रंग येईल, खरपूसपणाही येईल. रायचा जाडपणा आणि तो चटका येणार नाही, आणि त्याच्या मागेही लागू नये. शाळवाला स्वतःची गोडी आहे, रायची नक्कल त्याच्याकडून कशाला करून घ्यायची? देशातली पहिली मानली जाणारी मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ साली पुण्यातच निघाली. आता तिकडे परवानाधारक ब्रुअरी बऱ्याच झाल्यात. एखादीला नमुन्याचं पोतं पाठवून बघा.

प्रश्न : मला सिलिअ‍ॅक आहे, गहू बंद. राय म्हणजे काही गहू नव्हे, मग ही बिअर चालेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नाही. सिलिअ‍ॅकवाल्यांना बाधणारं गव्हातलं प्रथिन म्हणजे ग्लुटेन, ते रायमध्ये असतं आणि बार्लीतही असतं. ज्वारी, बाजरी, नाचणीत ते नसतं, पण ज्वारीच्या बिअरमध्येही बार्लीचं माल्ट मिसळलेलं असू शकतं. बाटलीवर ग्लुटेनमुक्त असं छापलेलं दिसल्याशिवाय घेऊ नका, आणि तरीही आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.