संशोधनाच्या पायाभूत सुविधा आणि प्राध्यापकपदाची वाट

प्रश्न : मी संगणकशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. जीवशास्त्रज्ञांसाठी विदासाठे (डेटाबेस) व सॉफ्टवेअर उभारणाऱ्या एका प्रकल्पात माझ्या मार्गदर्शकांनी मला काम देऊ केले आहे. काम मनापासून आवडते. पण त्यातून शोधनिबंध कमी निघतात आणि पुढे प्राध्यापक होणे अवघड जाते, असे सहकारी सांगतात. मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सहकाऱ्यांची भीती निराधार नाही. निवड समित्या आजही शोधनिबंध मोजतात आणि वर्षानुवर्षे चालू ठेवलेल्या सॉफ्टवेअरची नोंद त्यांच्या रकान्यांत सहसा बसत नाही. तरीही हे काम म्हणजे संशोधनाला पर्याय, असे मानू नका. मँचेस्टर विद्यापीठातील प्राध्यापक कॅरोल गोबल यांची कारकीर्द या दृष्टीने अवश्य अभ्यासावी. त्यांच्या नेतृत्वाखाली 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रिड’ प्रकल्पातून ‘टॅव्हर्ना’ ही प्रणाली घडली. निरनिराळ्या ठिकाणची विदासाठे आणि विश्लेषणाच्या सेवा एकापुढे एक जोडून सगळी प्रक्रिया पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय तिने जीवशास्त्रज्ञांना करून दिली. ही सोय उभारताना संगणकशास्त्राचेच अस्सल प्रश्न समोर आले : वेगवेगळ्या शब्दांत नोंदलेल्या विदेचा अर्थ यंत्राला कसा जुळवता यावा, आणि एखाद्या निष्कर्षामागे कोणती विदा व कोणत्या पायऱ्या होत्या याचा माग कसा ठेवावा? माझ्या मते त्यांच्या यशाचे मर्म इथेच आहे. सेवा आणि शोध यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही.

टॅव्हर्ना पुढे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची प्रतिष्ठानाकडे गेली आणि 2020 मध्ये तिचा विकास थांबला. अशा सुविधांचे आयुष्य निधीवर आणि देखभाल करणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, हे तुम्ही आधीच ध्यानात घ्यावे. गोबल सहसंस्थापक असलेली ब्रिटनमधील ‘सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट’ 2010 मध्ये स्थापन झाली, ती याच प्रश्नावर काम करण्यासाठी. ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर’ म्हणजे संशोधनासाठी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अभियंत्याच्या पदाला स्वतंत्र ओळख मिळावी, ही चळवळही 2012 पासून तिच्याच आधाराने वाढली. विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदेबरोबर जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही ‘फेअर’ तत्त्वे मांडणाऱ्या 2016 च्या निबंधाच्या लेखकांतही गोबल आहेत.

म्हणून होकार देण्यापूर्वी मार्गदर्शकांना स्पष्ट विचारा : निधी किती वर्षांचा आहे, देखभालीसाठी वेगळा माणूस असेल का, आणि सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीवर तुमचे नाव लेखक म्हणून राहील का? ‘झेनोडो’ या संशोधन-साहित्याच्या ऑनलाइन भांडारात आवृत्ती ठेवल्यास तिला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधाप्रमाणे तिचा संदर्भ देता येतो, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रबंधाचा प्रश्न मात्र प्रकल्पाच्या कामकाजात विरघळू देऊ नका. तो स्वतंत्रपणे मांडून मार्गदर्शकांकडून आताच मान्य करून घ्या.