भीती वाटते म्हणजे देवावरचा विश्वास कमी आहे का? आणि अशा वेळी एकत्र प्रार्थना कशासाठी?

मुळीच नाही. बायबलमधलं स्तोत्र ५६ पाहा. गथ नगरात शत्रूंच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, हाती सापडलेला दावीद (जो पुढे इस्राएलचा राजा झाला) म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती गेल्यावर नव्हे, ती असतानाच. गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता, आणि त्यानेसुद्धा तीन शिष्यांना 'जागे राहा' म्हणून जवळ ठेवलं.

एकत्र प्रार्थनेसाठी मला बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय ४ सगळ्यात जवळचा वाटतो. येशूचे शिष्य पेत्र-योहान यांना यहूदी पुढाऱ्यांनी दमदाटी करून सोडलं, तेव्हा विश्वासणाऱ्यांनी एकचित्ताने हाक मारली. संकट टळू दे असं त्यांनी मागितलं नाही; वचन सांगायला धैर्य मागितलं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाचं ऑपरेशन असलं की आदल्या संध्याकाळी चार-पाच जण घरी जमतात. एक स्तोत्र वाचतात, आजाऱ्याचं नाव घेऊन आळीपाळीने प्रार्थना करतात, शेवटी सगळे मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना. घाबरलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत. त्याने नुसतं 'आमेन' म्हटलं तरी पुरतं, बाकीचे त्याच्या वतीने बोलत असतात. म्हणून एकटे कुढू नका, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) किंवा मंडळीतल्या एखाद्या मावशींना आजच फोन करा.