बर्लिनचा अभ्यासदौरा आणि हातखर्च

प्रश्न : माझी मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असून तिचा वर्ग 12 दिवसांच्या अभ्यासदौऱ्यासाठी बर्लिन आणि देसाऊ येथे जाणार आहे. विमानप्रवास, निवास, न्याहारी आणि शहरांमधला प्रवास कॉलेजला भरलेल्या रकमेत धरलेला आहे. हातखर्चाला तिच्याजवळ किती पैसे द्यावेत, आणि ते रोख द्यावेत की कार्डावर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ठोक आकडा ठरवून तो दिवसांत वाटण्याऐवजी, भरलेल्या रकमेत काय धरलेले नाही तेथून हिशेब सुरू करावा. आपल्या मुलीच्या बाबतीत दोन वेळचे जेवण, शहरातल्या शहरात फिरण्याची तिकिटे, काही संग्रहालयांची प्रवेशशुल्के आणि किरकोळ खर्च एवढेच उरते. त्यासाठी रोजचे 25 युरो, म्हणजे 12 दिवसांचे 300 युरो, आम्हांला पुरेसे वाटतात. याशिवाय 150 युरो अडीअडचणीसाठी वेगळे ठेवावेत आणि भेटवस्तूंसाठी 50. युरोचा भाव 100 रुपयांच्या आसपास धरला तर एकूण रक्कम 50,000 रुपये होते.

खरी काळजी जेवणाची आहे. घरच्यांसाठी काही आणता यावे म्हणून दुपारचे जेवण टाळणाऱ्या मुली असतात, आणि दिवसभर पायी फिरून इमारतींची रेखाटने करणाऱ्या मुलीने तसे करणे आम्हांला मुळीच मान्य नाही. जेवणाचे पैसे जेवणावरच खर्च करायचे, हे तिला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. एक वेळ फलाफेल किंवा तत्सम शाकाहारी पदार्थ बाहेर खावा आणि दुसऱ्या वेळेसाठी सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळे घ्यावीत. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून ही खरेदी शनिवारीच उरकावी. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, त्यामुळे रिकामी बाटली सोबत न्यावी. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली विकत घेतलीच, तर तिच्या किमतीवर 25 सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटमधील यंत्रात टाकली की ते परत मिळतात. संग्रहालयांत विद्यार्थ्यांना बहुधा सवलत असते, तेव्हा कॉलेजचे इंग्रजीतील ओळखपत्र जवळ असू द्यावे.

जर्मनीत रोख पैशांचा वापर अजूनही बराच आहे. म्हणून 150 युरो लहान नोटांत रोख द्यावेत आणि उरलेले फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून परदेशात वापरायचे कार्ड) युरोमध्येच भरावेत. पैसे देताना किंवा काढताना यंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले, तर युरो निवडावा, कारण रुपये निवडल्यास रूपांतराचा दर बहुतेक वेळा महाग पडतो. स्टेशनांवरील स्वच्छतागृहांसाठी थोडी नाणीही खिशात हवीत.

चिवडा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी अवश्य बांधून द्यावी. तूप आणि पेढे मात्र देऊ नयेत. भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे आणि ते विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात.