वाचक विचारतात : इंजिन दीड लिटरचेच, मग गिअरबॉक्स वेगळा का?

प्रश्न : ह्युंदाई क्रेटा घ्यायचा विचार आहे. साधे पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही इंजिने दीड लिटरची असून त्यांची शक्तीही जवळपास सारखीच आहे. तरीही ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पेट्रोलला आयव्हीटी आणि डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला आहे. असे का? माझे महिन्यातून दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणे असते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गिअरबॉक्स लिटर पाहून निवडला जात नाही, तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, आणि तो कितव्या फेऱ्यांना मिळतो हे पाहून निवडला जातो. आपण म्हणता ती शक्ती पेट्रोलमध्ये ११५ आणि डिझेलमध्ये ११६ पीएस आहे, हे खरे. परंतु पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांना मिळतो, तर टर्बोच्या जोरावर डिझेल २५० न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच देऊ लागते. आयव्हीटी हा सीव्हीटीचाच, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचाच, प्रकार आहे. त्यात दोन पुलींमधला पट्टा सरकत राहतो आणि इंजिनाला हव्या त्या फेऱ्यांवर ठेवतो, त्यामुळे हलक्या टॉर्कच्या, फेऱ्यांवर जगणाऱ्या पेट्रोलला तो मानवतो. डिझेलचा टॉर्क तर जास्त असतोच, शिवाय त्याच्या प्रत्येक स्फोटाचा हिसका जोरदार असतो. टॉर्क कन्व्हर्टर इंजिन आणि गिअर यांना तेलाच्या प्रवाहाने जोडतो; तो हिसका त्यातले तेल पचवते आणि गाडी हलताना चाकांकडे जाणारा टॉर्क काही क्षण बराच वाढवूनही देते. चढावर थांबून पुन्हा निघताना याचा फायदा आपल्याला सहज जाणवेल.

लिटरने फसगत कशी होते, याचे उत्तम उदाहरण फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये सापडते. तिच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टर आहे, तर मोठ्या दीड लिटरच्या टर्बोला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचांचा ऑटोमॅटिक. त्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आणि इंजिनाचा टॉर्कही नेमका तेवढाच! गिअरबॉक्सच्या कुवतीच्या अगदी काठावर इंजिन बसवलेले मला फारसे रुचत नाही, कारण कोरड्या क्लचला थंड करणारे तेल नसते आणि घाटातल्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना तो तापतो. याउलट, टोयोटा फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेलचा टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे एकाच इंजिनाच्या टॉर्कची मात्रा जोडीला कोणता गिअरबॉक्स आहे ते पाहून ठरते.

एएमटी ही ऑटोमॅटिक पेटी फक्त लहान गाडीसाठी, हा समजही अर्धाच खरा आहे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून ती आली आणि स्वस्तपणामुळे छोट्या पेट्रोल गाड्यांत रुळली. पण टाटा नेक्सॉनच्या २६० न्यूटन-मीटरच्या डिझेललाही एएमटी दिली गेली. मुळात ती नेहमीचीच मॅन्युअल पेटी, फक्त क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यंत्र वेगळे. चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी धरून ठेवलीत, तर तिचा क्लच मॅन्युअलइतकाच झिजेल. तिथे ब्रेकच दाबावा.

आपला घाटाचा प्रवास पाहता मी डिझेलची जोडी सुचवीन, मात्र महिन्याला एकूण धावणे बेताचे असेल तर आयव्हीटीही पुरेल. चढावर इंजिनाचा आवाज चढा राहील आणि ओव्हरटेकचा अंदाज थोडा आधी घ्यावा लागेल, एवढेच. कोणतीही घेतली तरी उतारावर गिअर खालचा ठेवावा.

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल गाडीला भंगारातल्या पेट्रोल गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोल्ट जुळले तरी बसवू नये. पेट्रोल इंजिन सहा हजारांच्या पुढे फिरते, डिझेल साडेचार-पाच हजारांतच दमते. त्यामुळे त्या पेटीच्या संगणकाने ठरवलेली गिअर बदलण्याची वेळ आणि दातांचे प्रमाण दोन्ही चुकतील, आणि जास्तीच्या टॉर्कने आतले क्लच लवकर घसरू लागतील.