विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावरचे कुरव (गल पक्षी) आणि कोकणातले कुरव जनुकीयदृष्ट्या वेगळे असतात का?

हिवाळ्यात जागा वेगळी म्हणून जनुकं वेगळी, असं नसतं. फरक पडतो तो विणीच्या वसाहतींमध्ये. बरेच समुद्रपक्षी हजारो किलोमीटर फिरले तरी अंडी घालायला जन्मल्या ठिकाणीच परततात, त्यामुळे दूरच्या वसाहतींत सोयरीक फारशी होत नाही. तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करतो, म्हणजे गोसीखुर्द आणि रत्नागिरीचे थवे एकाच वसाहतीतले असू शकतात. गळालेल्या पिसावरून तपासायचं तर देठाचं टोक शाबूत हवं, डीएनए मुख्यतः तिथेच मिळतो. पीस सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख आणि ठिकाण. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, नमुना वाया जातो. मात्र पडलेलं पीस उचलण्याआधीही वनविभागाची लेखी परवानगी घ्या.