लिफ्टपाशी कुत्रा चावला : मालकाची जबाबदारी किती?

प्रश्न : काल लिफ्टचं दार उघडताच शेजाऱ्यांच्या कुत्र्याने आईच्या पोटरीचा लचका तोडला. गळ्यात पट्टा होता, पण साखळी नोकराच्या हातातून सुटलेली. "त्याला सगळी इंजेक्शनं दिलीत, तुमची आईच किंचाळली," असं मालक म्हणतात. औषधाचा खर्च देतात, पण 'तक्रार नाही' असं लिहून मागतात. पोलीस म्हणतात, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतो. काय करावं?
— एक वाचक, परळ

उत्तर : आधी आईंचं बघा. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली 15 मिनिटं धुतली नसेल तर आत्ता धुवा. हळद, चुना काही लावू नका. लचका तुटलाय, म्हणजे रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) हवं. दंडात लस घेतल्यास 0, 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी. शेवटची सुई अनेकजण चुकवतात, तुम्ही चुकवू नका. केसपेपरवर कुत्रा कोणाचा ते लिहून घ्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगा.

कुत्र्याला लस दिली होती, एवढ्याने मालक सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघतं ते इतकंच, की ज्याच्या ताब्यात जनावर होतं त्याने माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली का. सुटलेली साखळी हेच तुमचं म्हणणं. लिफ्टपाशी दचकून ओरडणं म्हणजे कुत्र्याला डिवचणं नव्हे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतः तो नोंदवून तपास करू शकतात, त्यामुळे एनसीवर समाधान मानू नका, एफआयआर मागा. नाही घेतला तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांना, मग दंडाधिकाऱ्यांकडे.

आईंना 15 दिवस रोजची कामं जमली नाहीत, तर दुखापत 'गंभीर' ठरू शकते आणि कलम 125 खाली शिक्षा 3 वर्षांपर्यंत जाते. म्हणून डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या.

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा असं पत्र आजच सेक्रेटरींना द्या, पोच घ्या. कोर्टात कॉपीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63चं प्रमाणपत्र लागतं. 2010 साली मुंबईत रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या कोर्टाने मालकाला 3 महिन्यांची कैद सुनावली, ती 2023 मध्ये! इतक्या काळाने कागदच बोलतो.

नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. नोकराच्या हलगर्जीची भरपाई तिथे मालकाकडूनच मागता येते. कुत्रा आधीही कोणाच्या अंगावर गेला असेल, तर त्या शेजाऱ्यांचे जबाब फार मोलाचे.

खर्च घ्यायला हरकत नाही, पावती द्या. 'तक्रार नाही' या कागदावर मात्र सही करू नका. आणि त्याला रेबीज आहे का ते कळावं म्हणून 10 दिवस तो कुत्रा डोळ्यासमोर राहील, गावी पाठवला जाणार नाही, एवढं बघा.