कर्जतला घर घेऊन रोज दादरला नोकरी: झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस दादरला आहे, कर्जत तालुक्यात वन बीएचके बघून ठेवलाय आणि बिल्डर सांगतो, "मुंबई फक्त दोन तास." रोजची ये-जा जमेल का, आणि लोकलखेरीज दुसरी काही सोय आहे का, हा तुमचा प्रश्न. मी बारा वर्षं हे केलंय, आधी कर्जतहून, मग नेरळहून. जमतं. फक्त कर्जत मुंबईपासून किती लांब ते बघू नका, तुमची इमारत स्टेशनपासून किती लांब ते बघा.

आधी लोकलचं. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तर दादर पावणेदोन-दोन तास. पण 'फास्ट' हे कल्याणपर्यंतच खरं, पुढे विठ्ठलवाडीपासून ती प्रत्येक स्टेशनला थांबते. शिवाय कल्याण-कर्जत दोनच मार्ग, एक जायचा, एक यायचा. त्यावरूनच लोकल, पुण्याच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळं. वांगणीजवळ एखादी मालगाडी बसली की मागे सगळ्यांचा लेटमार्क लागला म्हणून समजा.

सकाळी तुम्ही राजे. गाडी कर्जतहूनच सुटते, खिडकी मिळते, बदलापूर येईपर्यंत डब्यात श्वास घ्यायला जागा असते. संध्याकाळी दादरला मात्र आत शिरणं हेच काम. शिरल्याबरोबर बसलेल्यांना विचारून ठेवायचं, "कुठे?" अंबरनाथ-बदलापूरवाला सापडला तर जागा सांगून ठेवायची आणि त्याच्या गुडघ्यांसमोर तास-सव्वा तास उभं राहायचं. बदलापूर सुटलं की डबा एकदम मोकळा होतो, गार वारा यायला लागतो, लोक समोरच्या बाकावर पाय टाकतात. "नेरळला उठवा हो," असं शेजाऱ्याला सांगून मी कितीदा झोपलोय. एकदा शेजारीही झोपला. दोघंही कर्जतला उतरलो आणि परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. त्यानंतर तो माझा मित्र झाला, ते वेगळं.

कर्जतला एवढ्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात हे बघून नवा माणूस खूश होतो. त्या तुमच्या-माझ्यासाठी थांबत नाहीत. कर्जतनंतर बोरघाट लागतो, चढ १:३७ चा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, ती लोणावळ्याला सुटतात. शेवटच्या डब्यात असाल तर इंजिन लागताना हलकासा धक्का बसतो, चहा डचमळतो. तेवढ्या मिनिटांत फलाटावर वडे खपतात. दिवाडकरांचा वडा गाजला तो या थांब्यामुळेच, असं माझं मत आहे. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून कर्जत हे डोंगर चढण्याआधीचं दम घ्यायचं ठिकाण आहे. रूळ डोंगरापलीकडच्या गावांसाठी टाकले, तालुक्याला त्यातलं जे मिळालं ते मिळालं. इथली सगळी वाहतूक अशीच वाटते मला: स्टेशनच्या आसपास सुकाळ, तिथून पाच किलोमीटरवर दुष्काळ.

हे पाच किलोमीटरच तुम्हाला महागात पडतील. दिवसा शेअर रिक्षा आणि टमटम मिळतात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत. रात्री साडेदहाच्या गाडीने उतरलात की शेअर बंद, 'स्पेशल'च करावी लागते, आणि भाडं समोरचा सांगेल ते. मी नेरळला गेलो तो याचसाठी. नवं घर स्टेशनपासून पायी बारा मिनिटांवर, शिवाय मुंबईकडे १४ किलोमीटर आधी. एसटीचं आगार कर्जतला आहे, पण गावाकडच्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळा धरून असतात, लोकलच्या नव्हे. कशेळे, खांडस या बाजूला स्वस्त प्लॉटची जाहिरात दिसली तर एवढं ध्यानात ठेवा की खांडसला गाडीरस्ता जवळजवळ संपतो, पुढे भीमाशंकरला शिडी घाटाने नाहीतर गणेश घाटाने पायी चढायचं. शनिवार-रविवारी झकास, सोमवारी सकाळी नाही.

कर्जतहून फुटणाऱ्या खोपोली शाखेबद्दल थोडक्यात, स्टेशनं अशी: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एकेरी मार्ग आहे, गाड्या मोजक्या. एक चुकली तर तासभर तरी गेलाच. तिकडे घर घेतलंत तर वेळापत्रक पाठ करा.

आता पनवेलचं, कारण बिल्डरने ते सांगितलं असणारच. पनवेल-कर्जत एकेरी रूळ आधीपासून आहे, पुण्याची प्रगती एक्स्प्रेस त्यावरूनच येते. त्याला लागून लोकलसाठी सुमारे ३० किलोमीटरचा दुहेरी मार्ग एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या रेल्वेवाढीच्या सरकारी प्रकल्पात, घेतला. स्टेशनं पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत. वावर्ल्याचा बोगदा २.६ किलोमीटरचा, ठाण्यापुढच्या पारसिक बोगद्यापेक्षा लांब. नवी मुंबईत नोकरी असेल तर हा मार्ग म्हणजे सोनं, कारण कल्याण-ठाण्याला वळसा घालावा लागत नाही. पण तुमचं ऑफिस दादरला आहे, तुम्ही कल्याणवरूनच जाणार. आणि या कामाच्या तारखा पुढे सरकत आल्या आहेत, तेव्हा जाहिरातीतली तारीख बघून चेक फाडू नका.

रस्ते आहेत. चौकला जाऊन जुना मुंबई-पुणे हायवे किंवा पुढे एक्स्प्रेसवे, बदलापूरमार्गे कल्याण, आणि शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग. पण रोज गाडी चालवत दादर? पेट्रोलपेक्षा कंबर आधी संपेल.

पावसाळा विसरू नका. उल्हास नदी रुळांच्या सोबतीनेच वाहते. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले. असं रोज होत नाही, पण दर पावसाळ्यात दोन-चार दिवस तरी गाडी बदलापूरलाच संपते. तेव्हा बदलापूर-अंबरनाथला एखाद्या मित्राचा सोफा हाताशी असू द्या. मी तीनदा झोपलोय तसा.

माथेरानची छोटी गाडी येण्याजाण्यात धरू नका. १९०७ पासूनची आहे, नेरळहून वर जायला सुमारे २१ किलोमीटर नागमोडी, आणि पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद. माथेरानही याच तालुक्यात, पण तिथे मोटारींना बंदी, टॅक्सी गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच सोडते. नेरळ स्टेशनबाहेर माथेरानचे टॅक्सीवाले ओरडत असतात. सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीतून वाट काढतच घरी जावं लागतं, हे नेरळ बघणार असाल तर सांगून ठेवतो.

टोकन द्यायच्या आधी एक करा. जुलैतल्या एखाद्या सोमवारी त्या इमारतीच्या गेटवर सकाळी साडेसहाला उभे राहा, दादर गाठा, संध्याकाळी परत या, आणि शेवटी स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला त्या सोसायटीचं नाव सांगून भाडं विचारा. नाव ऐकून तो मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, तर दुसरा फ्लॅट बघा.